फेरी गेली की आली? नववीच्या एका वर्गाचं प्रकरण

पडद्यावर फेरीबोट हलली आणि पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी शेजारणीच्या दंडावर थाप मारली. "पूत आयलो गे!" मागच्या दोघीतिघींनी माना डोलावल्या. एकीनं तर सुटल्यासारखा श्वास सोडला.

गोष्टीत मुलगा त्याच क्षणी घर सोडून निघाला होता. मुंबईला जाऊन बोटीवर नोकरी धरणार होता आणि पुढचे नऊ महिने परतणार नव्हता. हे चार मिनिटांचं चित्रण नववीच्या बावीस मुलांनी तीन आठवडे खपून केलं होतं. ती सगळी भिंतीला टेकून उभी होती. पूत आला हे ऐकल्यावर त्यांचे चेहरे काय झाले ते मला सांगता येणार नाही, कारण मी खाली बघत होते.

हे प्रकरण लिहून ठेवतेय ते त्या एका वाक्यासाठी.

आधी मी काय केलं होतं

मी मराठी शिकवते. गोव्यातल्या तिसवाडी तालुक्यातली शाळा, अर्धी मुलं मांडवी नदीतल्या चोडण बेटावरून फेरीनं येणारी. घरी कोंकणी, वर्गात मराठी, मोबाईलवर हिंदी आणि डब केलेली तेलुगू. कवितेचं रसग्रहण त्यांना जड जातं, पण सिनेमावर ती तासभर बोलतात. तेव्हा शनिवारचे दहा तास चित्रपटाच्या रसग्रहणाला द्यायचे असं ठरलं. कवितेत प्रतिमा असतात, सिनेमात शॉट. एकातून दुसऱ्यात जाता येईल, एवढाच माझा हिशोब.

पहिल्याच तासाला मी एक तक्ता वाटला. डावीकडे तंत्र, उजवीकडे अर्थ. लो अँगल (कॅमेरा खालून) म्हणजे सत्ता. हाय अँगल (कॅमेरा वरून) म्हणजे दुबळेपणा. क्लोजअप म्हणजे भावना. निळा रंग म्हणजे दुःख, पिवळा म्हणजे आठवणी. स्लो मोशन म्हणजे महत्त्वाचा क्षण. तक्ता मीच केला होता, मीच टाईप केला होता आणि मला तो आवडलाही होता. मुलांना तर फारच आवडला, कारण तो पाठ करता येत होता. दुसऱ्या शनिवारी कुठलाही तुकडा दाखवला की हात वर. "टीचर, हाय अँगल! दुबळेपणा!" पडद्यावर एक माणूस गच्चीवरून खाली अंगणात खेळणाऱ्या आपल्या पोरीकडे कौतुकानं बघत होता. पोरगी कशी दुबळी, हे मी विचारलं नाही. तास छान चालला होता ना.

तक्ता अगदीच खोटा आहे असं मी आजही म्हणणार नाही. लहानपणी आपण मोठ्यांकडे मान वर करूनच बघतो, त्यामुळे खालून दिसणारा माणूस थोर वाटायला काहीतरी कारण आहे. पण आहे ते कारण, नियम नव्हे. हे मला मागच्या बाकावरच्या एकानं शिकवलं, तेही पुढे सहाव्या शनिवारी. तो पेडण्याकडचा. म्हणाला, "जत्रेला आम्ही जमिनीवर बसून दशावतारी बघतो. राजा खालून दिसतो आणि संकासूरही खालून दिसतो. संकासुराला बघून सगळे हसतात." सगळंच खालून दिसत असेल तर खालून दिसण्याला अर्थ उरत नाही. अर्थ फरकात असतो. डोळ्यांच्या पातळीवरून चाललेल्या दृश्यात एकदम कॅमेरा खाली गेला, तर बघणाऱ्याच्या मनात काहीतरी हलतं. काय हलतं ते त्याच्या आधी काय दाखवलंय त्यावर. माझ्या तक्त्यात 'आधी' नावाचा रकाना नव्हता.

चित्रण

गोष्ट मुलांचीच. आजी नातवाला फेरीपर्यंत पोचवायला येते, फेरी सुटते, आजी बघत राहते. नंतर आजीचा मुलगा करायचं ठरलं, कारण नातू म्हणून घेतलेल्या मुलाला मिशी फुटली होती. संवाद जवळजवळ नाहीत. एका मुलीची खरी आजी तयार झाली. चोडणचा धक्का, पलीकडे रायबंदर, मध्ये मांडवी. दोन फोन, एक मोडका ट्रायपॉड, आणि देखरेखीला दोन पालक.

तक्ता हातात घेऊनच पोरं धक्क्यावर गेली. आजी एकटी पडलीय, म्हणून हाय अँगल. त्यासाठी एका पालकाच्या टेम्पोच्या टपावर चढून शॉट घेतला. आजी दुःखी, म्हणून एडिटिंगमध्ये निळा फिल्टर. आजी मान वळवून नदीकडे बघते तो क्षण महत्त्वाचा, म्हणून स्लो मोशन. नदी पार करणारी फेरी क्लोजअपसारखी जवळ दिसावी, म्हणून झूम. प्रत्येक निर्णयाला तक्त्याचा आधार होता. परीक्षा असती तर पैकीच्या पैकी.

नदीवरचा भाग दोन दिवशी झाला. पहिल्या दिवशी सकाळी चोडणच्या धक्क्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस शिंतडला, म्हणून पोरं संध्याकाळी फेरीनं पलीकडे जाऊन रायबंदरच्या काठावरून शूट करून आली. संध्याकाळचा तो शॉट फार देखणा आला होता. पाणी सोन्यासारखं, फेरीचा काळा आकार, कठड्याला टेकलेला मुलगा. तोच शॉट "पूत आयलो" ला कारण झाला.

पहिला खेळ

शाळेच्या सभागृहात, पालकांच्या बैठकीनंतर. पंचवीस-तीस बायका, पाचसहा बाप्ये, शिवाय शिपाई आणि स्वयंपाकघरातल्या मावशी. मी मुलांना एकच काम दिलं होतं. प्रेक्षक काय बोलतात ते लिहून घ्या, समजावून सांगायला जाऊ नका. या सगळ्या प्रकरणात मी केलेली शहाणपणाची गोष्ट बहुधा एवढीच.

वह्यांत आलं ते असं. टेम्पोवरून घेतलेला शॉट लागला तेव्हा: "किती स्कूटर!" आणि "आमचे हे दिसतात काय त्यात?" निम्म्या लोकांना आजी सापडलीच नाही. हेल्मेटांच्या गर्दीत वरून दिसणारं पांढरं डोकं कुणाच्या लक्षात येणार? आजीचा निळा क्लोजअप आला तेव्हा एक बाप्या म्हणाले, "रात्र झाली?" आणि दुसऱ्यानं विचारलं, "प्रोजेक्टर बिघडला की काय?" स्लो मोशन लागल्यावर हशा. आजी वळायला दोन सेकंदं घेते. फोननं सेकंदाला १२० चित्रं टिपली होती आणि ती २४ च्या वेगानं चालवली, म्हणजे पाचपट. दहा सेकंदं आजी वळतेय, पदर उडतोय, आणि मागून एक पोरगा शिट्टी मारतो. त्याचं काय चुकलं? त्यानं बघितलेल्या प्रत्येक पिक्चरमध्ये असं वळणारा माणूस पुढच्या क्षणी दहा गुंडांना लोळवतो.

पांढऱ्या साडीबद्दलही कुणीतरी हळू आवाजात विचारलं की हिचा घोव कधी गेला. मुलांनी पांढरी साडी निवडली होती ती गढूळ पाण्यावर उठून दिसते म्हणून. नवऱ्याचा मुद्दा त्यांच्या डोक्यातही नव्हता. आजीचा नवरा धडधाकट आहे आणि त्या दिवशी सभागृहातच बसला होता.

आणि मग ती फेरी.

बैठक संपल्यावर वर्गात स्मशानशांतता. ज्या मुलीनं एडिटिंग केलं होतं ती म्हणाली, "लोकांना कळत नाही." हे वाक्य मी मोठमोठ्या माणसांच्या तोंडून ऐकलंय. २००४ पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पणजीत भरतो, दर नोव्हेंबरात मी कार्ड गळ्यात अडकवून रांगेत उभी राहते, आणि रांगेत हे वाक्य हमखास कानावर पडतं. मी तिला म्हटलं, तीस लोकांना एकाच वेळी एकच चुकीची गोष्ट कळली असेल, तर ती आपण सांगितली असणार. कुठे सांगितली ते शोधू.

फेरी उलटी कशी झाली

पुढचा शनिवार फक्त या एका प्रश्नावर गेला. बाकं बाजूला सारून जमिनीवर खडूनं मांडवी काढली. वर चोडण, खाली रायबंदर. डस्टर म्हणजे फेरी. फेरी वरून खाली जाते, म्हणजे उत्तरेकडून दक्षिणेकडे.

सकाळी पोरं धक्क्याच्या पूर्वेला उभी होती आणि कॅमेरा पश्चिमेकडे तोंड करून होता. सूर्य पाठीशी, आजीच्या चेहऱ्यावर छान उजेड. पश्चिमेकडे तोंड केलं की दक्षिण डाव्या हाताला येते. म्हणून त्या शॉटमध्ये आजी डावीकडे बघते आणि फेरी डावीकडे निघते. संध्याकाळी रायबंदरला तसंच उभं राहिलं असतं तर सूर्य थेट भिंगात आला असता. म्हणून पोरं शहाणपणानं धक्क्याच्या पश्चिमेला गेली आणि कॅमेरा पूर्वेकडे वळवला. आता दक्षिण उजव्या हाताला. फेरी तीच, दिशा तीच, पण पडद्यावर ती डावीकडून उजवीकडे जाते.

आता हे दोन शॉट जोडा. आजी डावीकडे बघतेय, आणि डावीकडून एक फेरी उजवीकडे, म्हणजे तिच्याच दिशेनं, येतेय. प्रेक्षकाला नकाशा दिसत नाही, चौकट दिसते. चौकटीत मुलगा घरी परततोय.

हे मी सांगितलं नाही. एका मुलीला खडूच्या नदीवरून चालायला लावलं, एक मुलगा एका अंगाला कागदाची नळी डोळ्याला लावून, दुसरा दुसऱ्या अंगाला. दोघांनी ओरडून सांगायचं, ती कुठे चाललीय. "डावीकडे!" "उजवीकडे!" दोघे भांडायला लागले. मग चालणारीच म्हणाली, "टीचर, मी वळलेच नाही. तेच पलीकडे गेले." मग मी नदीवरून तिच्या चालण्याची एक रेषा ओढली आणि सांगितलं की कॅमेरा या रेषेच्या एकाच बाजूला ठेवायचा असतो. पुस्तकात याला १८० अंशांचा नियम म्हणतात. नाव सांगायला मला अर्धं मिनिट लागलं, आणि ते कुणी विसरेल असं वाटत नाही.

त्यावर मागून आवाज आला, "फुटबॉललापण तेच." गोव्यातल्या पोरांना काहीही समजवायचं तर शेवटी फुटबॉलपाशी यावं लागतं. सामना दाखवणारे मुख्य कॅमेरे सगळे मैदानाच्या एकाच अंगाला असतात. पलीकडच्या कॅमेऱ्यातून रिप्ले दाखवला तर पडद्यावर तशी पाटी येते, नाहीतर आपला संघ आपल्याच गोलकडे पळताना दिसेल. हे मला माहीत नव्हतं. म्हणजे पाटी कित्येकदा बघितली होती, पण ती का येते याचा विचार केला नव्हता.

दुरुस्तीच्या सूचना धडाधड आल्या. पहिली, शॉट आरशासारखा उलटा करा, ॲपमध्ये एक बटण दाबायचं काम. केलं. फेरीवरची अक्षरं उलटी झाली, मुलाच्या डाव्या मनगटावरचं घड्याळ उजवीकडे गेलं आणि भांगही. रद्द. दुसरी, संध्याकाळचा शॉट काढूनच टाका. ज्यानं तो घेतला होता त्याचा चेहरा बघून कुणी जोर केला नाही. तिसरी सूचना एका अबोल मुलीची. रेषेच्या या बाजूला नाही आणि त्याही बाजूला नाही, नेमकं रेषेवर उभं राहिलो तर? म्हणजे फेरीतच, मागच्या टोकाला. तिथून चोडणचा धक्का सरळ मागे जाताना दिसेल, ना डावीकडे ना उजवीकडे. तो शॉट मध्ये घातला की प्रेक्षक फेरीत बसून नदी ओलांडतो, आणि मग पलीकडचा शॉट आला तरी बिचकत नाही.

नियम सांगणं सोपं आहे. त्याच्यावरचा हा उतारा तिनं आपला आपण काढला.

एकच चेहरा, तीन गोष्टी

दिशेचं कळलं, पण निळ्या रंगाचं आणि क्लोजअपचं काय? आजीच्या चेहऱ्यावर भाव कमी पडले, असं एडिटिंगवाल्या मुलीचं ठाम मत. तिला आजी रडायला हवी होती.

यात नाटकाचा हात आहे असं मला वाटतं. इथे देवळाच्या जत्रेला गावातली माणसं नाटक करतात आणि पोरं तेच बघत वाढतात. रंगमंचावर शेवटच्या रांगेपर्यंत दुःख पोचवायचं तर हात वर गेला पाहिजे, आवाज फाटला पाहिजे. प्रेक्षक जागचा हलू शकत नाही, म्हणून नट मोठा होतो. कॅमेरा मात्र प्रेक्षकाला खुर्चीतून उचलून आजीच्या गालाशी नेऊन बसवतो. तिथे तिनं हंबरडा फोडला तर कानठळ्या बसतील. आजी मुळीच अभिनय करत नव्हती, आणि तेच बरं होतं. पण हे बोलून पटणारं नव्हतं.

म्हणून कुलेशोवचा प्रयोग आम्ही आमच्यापुरता केला. १९२० च्या आसपास रशियातल्या लेव कुलेशोवनं इवान मोझुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या चित्रांना जोडला, असं सांगतात. सूप, शवपेटी, लहान मुलगी. बघणाऱ्यांना प्रत्येक वेळी त्या चेहऱ्यावर वेगळा भाव दिसला: भूक, शोक, माया. मूळ चित्रण आज उरलेलं नाही. आपल्याला ते कळतं मुख्यतः त्याचा शिष्य पुदोवकिन याच्या वर्णनावरून, आणि पेटीत कोण होतं इथपासून निरनिराळ्या सांगण्यांत फरक आहे. मुलांना हा भाग सगळ्यात आवडला. पुरावा हरवलाय, म्हणजे आपण करून बघायलाच हवं.

आजीचा सहा सेकंदांचा चेहरा, फिल्टरशिवाय. मध्ये एक शॉट. पुन्हा तोच चेहरा, तोच तुकडा. मधला शॉट तीन तऱ्हेचा: रिकामा धक्का, हार घातलेला फोटो, ताटलीत नेवऱ्या, म्हणजे करंज्या. दिवाळी नुकतीच झाली होती, त्यामुळे शेवटच्याला खर्च शून्य. सातवीच्या तीन तुकड्यांना एकेक प्रकार दाखवला आणि लिहायला सांगितलं की आजीच्या मनात काय चाललंय.

रिकाम्या धक्क्याला वाट बघणं आलं. "फेरी चुकली" असंही पुष्कळांनी लिहिलं, जे चोडणच्या पोरांकडून येणारच. नेवऱ्यांना एकानं लिहिलं, "तिला खायच्या आहेत पण तिला डायबिटीस आहे." हे वाक्य मी फळ्यावर लिहून ठेवलं आणि आठवडाभर पुसू दिलं नाही. सहा सेकंदांच्या निर्विकार चेहऱ्यातून त्या पोरानं आख्खं दुखणं काढलं! ते चेहऱ्यात नव्हतं, ताटलीतही नव्हतं. दोन शॉटच्या मधल्या सांध्यात त्यानं आपल्या घरातलं कुणीतरी आणून बसवलं.

हार घातलेल्या फोटोचा प्रयोग मात्र फसला. त्या तुकडीत आजीच्या वाड्यावरची चार पोरं निघाली. त्यांनी सांगून टाकलं, "ही आमची शेजारीण, ती नेहमीच अशी असते." मग बाकीच्यांनीही तेच लिहिलं. मी हळहळले, पण पोरांनी टिपलं की नटाला ओळखणारा प्रेक्षक वेगळं बघतो. मोठ्या नटाला खलनायक केला की लोक थिएटरात का गडबडतात, याची चर्चा त्यातून निघाली. ती मी थांबवली नाही.

एडिटिंगवाल्या मुलीनं घरी जाऊन निळा फिल्टर काढून टाकला. मला सांगितलंही नाही.

पेपरात काय लिहू?

या टप्प्यावर वर्गातला सगळ्यात हुशार मुलगा अस्वस्थ झाला. तक्ता त्याला तोंडपाठ होता. "टीचर, मग पेपरात काय लिहू? लो अँगल म्हणजे काय?" प्रश्न रास्त होता. सगळं सापेक्ष आहे असं सांगून मी मोकळी होऊ शकत नव्हते. त्याला गुण हवे होते आणि मला ते द्यायचे होते.

आम्ही वाक्याची एक घडण ठरवली. आधी काय वाटलं ते लिहायचं, अगदी साधं: भीती वाटली, हसू आलं, कंटाळा आला. मग नेमकं कुठल्या क्षणी वाटलं. मग त्या क्षणी आधीच्यापेक्षा काय बदललं: कॅमेऱ्याची उंची, अंतर, आवाज, रंग, की फक्त शॉटची लांबी. तंत्राचं नाव सर्वांत शेवटी, आणि आलं नाही तरी चालेल. कसून बघण्यासाठी दुसरी एक युक्ती: ती एक गोष्ट मनातल्या मनात बदलून बघायची. हा शॉट दोन सेकंदं आधी कापला असता तर? आवाज बंद असता तर? काहीच फरक पडत नसेल तर त्या तंत्रावर लिहू नका.

त्याचं पहिलं उत्तर असं होतं: "फेरीचं इंजिन अजून ऐकू येत होतं पण दिसत आजी होती, तेव्हा मला वाटलं की ती डोळ्यांनी नाही, कानांनी बघतेय." वाक्य थोडं डळमळीत आहे. पूर्वीच्या "साऊंड म्हणजे वातावरणनिर्मिती" या उत्तराला मी चार गुण दिले होते, आणि त्याची मला लाज वाटली.

दुसरं चित्रण

पुन्हा धक्क्यावर जाण्याआधी झूमचा निकाल लागला. लांबून झूम केलं की पुढचं आणि मागचं एकमेकांना चिकटल्यासारखं दिसतं. पहिल्या चित्रणात आजी आणि फेरी दोन्ही मोठ्या आल्या होत्या खऱ्या, पण मांडवी ओढ्यासारखी झाली होती. आजीनं हात लांब केला असता तर मुलाच्या पाठीवर धपाटा घालता आला असता. या खेपेला कॅमेरा आजीच्या खांद्याजवळ नेला, झूमशिवाय, फोनच्या सगळ्यात रुंद भिंगावर. फेरी दहाबारा सेकंदांत काडेपेटीएवढी झाली आणि नदी एकदम नदीएवढी. पोरं ओरडली. मीही ओरडले.

फेरीच्या मागच्या टोकावरून तो रेषेवरचा शॉट घेतला. धक्क्याच्या काँक्रीटवर घासत लोखंडी रॅम्प वर उचलला जातो, त्याची खरखर. मग इंजिनाची धडधड. आणि धक्क्यावरची आजी लहान होत जाते. तिच्या बाजूच्या स्कूटरीही लहान होतात. टेम्पोच्या टपावरून जे साधलं नव्हतं ते सरळ डोळ्यांच्या पातळीवरून साधलं. रंग जसा होता तसा. साडी हिरवी, नवरा जिवंत असल्याचं एव्हाना सर्वांना माहीत असूनही.

एक गोष्ट मला नोंदवायलाच हवी. बाहेरून येणारा कॅमेरा गोव्याला दाखवतो तो बहुतेक वरून: ड्रोन, समुद्रकिनारा, माड, भगभगीत पिवळा रंग. आमच्या पोरांनाही पहिल्या दिवशी ड्रोन हवा होता. कुणाच्या काकाकडे होता म्हणे. मिळाला नाही, नशीब.

शेवटचा शॉट आजीनंच दिला. पहिल्या संहितेत फेरी दिसेनाशी झाल्यावरही आजी धक्क्यावर उभी राहते आणि चित्रण संपतं. दोनदा उन्हात उभं राहिल्यावर आजी वैतागली. "फेरी गेली की हांव घरा येता. रांदप कोण करतलो?" म्हणजे स्वयंपाक कोण करणार? पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग सगळी वरात आजीच्या घरी. पायरीवर बसून ती सुपात तांदूळ निवडू लागली. फोन तांदळाच्याच डब्यावर टेकवून ठेवला, तिच्या हातांच्या उंचीवर. बोटं खडा शोधतात, बाजूला टाकतात, पुन्हा शोधतात. चेहरा चौकटीत नाहीच. चाळीस सेकंदं. एवढा लांब शॉट ठेवायला धीर लागतो. त्यांना तो कुठून आला मला माहीत नाही, मी असते तर कापला असता.

एडिटिंगमध्ये त्या हातांखाली फेरीच्या इंजिनाची धडधड ठेवली, अगदी बारीक, आणि शेवटी विरवली.

दुसरा खेळ नाताळच्या सुटीआधी झाला. बायका बऱ्याचशा त्याच. फेरी सुटताना कुणी काही बोललं नाही. रेषेवरच्या शॉटला मागे एक खुर्ची करकरली तेवढीच. तांदळाच्या शॉटला मुलांच्या वह्या कोऱ्या राहिल्या, कारण टिपण्यासारखं कुणी बोललंच नाही. नंतर चहाला मात्र भांडण लागलं. काहींचं म्हणणं, ती धडधड म्हणजे गेलेली फेरी, आजीच्या कानांत राहिलेली. दोघीतिघी म्हणाल्या, छे, ती संध्याकाळची फेरी. नऊ महिने झाले, तो परत आलाय, म्हणून तर ती जास्तीचे तांदूळ निवडतेय. पहिल्या खेळात पुढच्या रांगेत बसलेल्या बाई यांतच होत्या.

मुलांनी मला विचारलं, आवाज काढायचा का. मी म्हटलं, मतं घ्या. आवाज ठेवायचा म्हणून चौदा हात वर झाले, काढायचा म्हणून आठ. आठात एडिटिंगवाली मुलगी होती. ती अजून म्हणते की लोकांना कळलं नाही. पण आवाज तिनं काढलेला नाही.